सैल पट्टा आणि ताणाची कप्पी

सीमाभागातील खेड्यांत सभांना जाण्यासाठी आम्ही गेली अनेक वर्षे एक जुनी डिझेल पिकअप वापरीत आहोत. सतरंज्या, ध्वनिक्षेपक आणि कार्यकर्ते हा सारा भार ती निमूटपणे वाहते. गेल्या पावसाळ्यात मात्र सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून कर्कश किंकाळी उठू लागली. इंजिन तापले की आवाज थांबे. पण बॅटरीचा लाल दिवा मधूनच लागे. सहा महिन्यांपूर्वीच पट्टा नवा घातला होता. त्यामुळे आमचा संताप प्रथम त्या पट्ट्यावर झाला.

बेळगावातील आमच्या ओळखीचे मिस्त्री मराठी. त्यांच्या हाताखालचा पोरगा बैलहोंगलकडचा, कानडी. पोराने पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘‘सडिल आग्यादरी.’’ मिस्त्रींनी लगेच आम्हांस सांगितले, ‘‘सैल झालाय वो.’’ दोघांनी दोन भाषांत एकच गोष्ट सांगितली, हे तर खरेच; पण शब्दही मुळात एकच होता. संस्कृतातील ‘शिथिल’ प्राकृताच्या वाटेने मराठीत ‘सैल’ झाला, ‘सढळ’ही झाला, कन्नडात त्याचा ‘सडिल’ झाला. ज्या दोन भाषांच्या नावाने आम्ही न्यायालयात आणि रस्त्यावर इतकी वर्षे भांडतो आहोत, त्या एका बॉनेटखाली सख्ख्या शब्दाने बोलत होत्या.

मग काम सुरू झाले. इंजिन थंड होऊ दिले, बॅटरीची ऋण तार सोडवली. पट्टा कोणत्या चाकावरून कसा वळतो, याची आकृती मिस्त्रींनी आधी खडूने फरशीवर काढली. हा एकच पट्टा इंजिनच्या फिरण्यातून अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि स्टिअरिंगचा पंप चालवतो. तो घसरू लागला की बॅटरी भरत नाही, पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते. पान्ह्याने टेन्शनरची भुजा स्प्रिंगविरुद्ध दाबून धरताच पट्टा अलगद निघाला. त्याच्या आतील रेघा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

मिस्त्रींनी मग एकेक चाक हाताने फिरवले. बाकीची निःशब्द फिरली. टेन्शनरचे मात्र खरखरले. ‘‘नुसता पट्टा बदलून काय करतासा वकीलसाहेब? हे बघा की, किती लटपटायलंय!’’ स्प्रिंग थकली होती, बेअरिंग झिजले होते. मागच्या वेळी पैसे वाचवण्यासाठी जुनेच टेन्शनर ठेवा, असे सांगणारे आम्हीच होतो. आमचा संताप मुकाट्याने मागे फिरला.

भाषेच्या माणसाची खोड म्हणून आम्ही टेन्शनरला ‘ताणनियंत्रक’ म्हणावे असे सुचवले. मिस्त्री हसले. ‘‘ताणाची कप्पी म्हणा, पोरालाबी कळंल.’’ त्यांचा शब्द आमच्यापेक्षा सरस होता, हे कबूल केलेच पाहिजे. विहिरीवर घागर ओढणाऱ्या घरातल्या कुणालाही कप्पी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ हेही दूरचे भाऊबंदच. लॅटिनमधील ताणण्याचा धातू आणि संस्कृतातील ‘तन्’ यांचे मूळ एक. तंतू आणि तंत्र हे शब्दही त्याच ‘तन्’चे.

नवी कप्पी बसली, नवा पट्टा चढला. प्रत्येक रेघ आपल्या खाचेत बसली आहे ना, हे पोराने बोट फिरवून पाहिले. मिस्त्री त्याला समजावीत होते : ताण कमी पडला तर पट्टा घसरतो, जास्त झाला तर बेअरिंग खातो. गाडी सुरू झाली, किंकाळी गेली.

बिलाची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीने विचारले, ‘‘इंग्लिशमध्ये लिहू ना?’’ आम्ही म्हणालो, ‘‘मराठीत लिहा.’’ ते थबकले. ‘‘बोलायला काय, दिवसभर बोलतो. लिहायला हात वळत न्हाई वो आता. कोण मागतंय मराठीत?’’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. 1956 पासूनचा अन्याय आम्हांस पाठ आहे. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावर आम्ही तासभर बोलू शकतो. सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून आम्ही असंख्य अर्ज लिहिले. पण ज्यांच्याकडून मराठी कागद मिळायला कुणाचीही परवानगी लागत नाही, त्या मिस्त्रींकडे, वाण्याकडे, शिंप्याकडे आम्ही तो कधी मागितलाच नाही. घोषणा दरवर्षी नव्या केल्या. रोजच्या व्यवहाराची कप्पी तीच, झिजलेली ठेवली.

मिस्त्रींनी अखेर पेन घेतले. पट्टा, ताणाची कप्पी, मजुरी अशा तीन ओळी त्यांनी सावकाश लिहिल्या. ‘कप्पी’तला जोडाक्षरी ‘प्प’ एकदा खोडून पुन्हा काढला. ते बिल आम्ही दाव्याच्या कागदांसोबत जपून ठेवले आहे. वाचकांस विनंती इतकीच, की पुढचे बिल आपणही मराठीत मागावे.