उघडलेल्या बाटल्या

विमान कंपन्यांचा नियम सोपा आहे. 24 ते 70 टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी पाच लिटर न्यायची, चेक-इनच्या सामानात, आणि तीही सीलबंद. आपलं कस्टम त्याहून कडक. माणशी दोन लिटर शुल्काविना, पुढे पैसे मोजा. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही, आणि अर्ध्या लिटरची सवलत फुकट जाते. लुइव्हिलचं घर आवरून पुण्याला कायमचं परतायचं ठरलं, तेव्हा आम्हा नवराबायकोच्या वाट्याला मिळून चार बाटल्या आल्या. त्या चार निवडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. प्रश्न होता उघडलेल्यांचा. त्या सीलबंद नाहीत, म्हणून विमानात चालत नाहीत. आणि जेवणाच्या टेबलामागच्या कपाटात बहुतेक त्याच होत्या.

केंटकीत राहिलं की घरात बर्बन साठतेच. जगातली बहुतेक बर्बन या एका राज्यात होते. आमच्यापासून तास-सव्वातासाच्या अंतरात फ्रँकफर्टची बफेलो ट्रेस, लॉरेन्सबर्गच्या वाइल्ड टर्की आणि फोर रोझेस, बार्डस्टाउनची हेवन हिल. भारतातून पाहुणे आले की त्यांना डिस्टिलरी दाखवायला न्यायचं, गोदामातल्या पिंपांचा वास घ्यायला लावायचा आणि परतताना तिथल्या दुकानातून एक बाटली घ्यायची, ही आमची ठरलेली सहल. त्यात दरवेळी वेगळी बाटली घ्यायचा मोह. बर्बन म्हणजे किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप. वरून रंग किंवा चव मिसळायला कायद्याने बंदी. एवढ्या आखलेल्या चौकटीतही दोन बाटल्या सारख्या लागत नाहीत. एकट्या फोर रोझेसकडे धान्याची दोन मिश्रणं आणि पाच प्रकारचं यीस्ट, म्हणून दहा वेगळ्या पाककृती. माणूस किती दिवस एकाच बाटलीवर थांबेल?

कपाटातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. रोजच्या आवडीची वाइल्ड टर्की 101 त्यांत नव्हतीच. ती आणली की संपायची, पुन्हा आणायची. पन्नास टक्क्यांच्या किंचित वर अल्कोहोल, दालचिनीसारखा तिखटपणा, आणि किंमत अशी की मित्राला ओतताना हात आखडत नाही. तिने कपाटात कधी जागाच अडवली नाही. जागा अडवून बसल्या होत्या त्या दोन प्रकारच्या: फारशा न आवडलेल्या, आणि इतक्या महाग की प्यायला जीव होत नाही अशा. लोक ज्याला कौतुकाने ‘कलेक्शन’ म्हणतात, त्यात आवडती बाटली सहसा नसते. दुसऱ्यांच्या घरातली कपाटंही मी पाहिली आहेत. तिथेही हेच.

बायकोने हिशेब मांडला. मोठ्या पेगच्या मापाने एका बाटलीत साडेबारा पेग. उघडलेल्या सगळ्या मिळून भरलेल्या सातेक बाटल्यांइतका ऐवज. शनिवारी दोघांनी एकेक पेग घ्यायचा म्हटलं तर वर्ष सरत आलं असतं, आणि आमच्या हाती वसंत आणि उन्हाळ्याचा थोडा भाग एवढंच होतं. “संपवायचं म्हणजे आपणच प्यायचं, असं नाही हं,” ती म्हणाली. म्हणजे माणसं बोलवायची. विकायचा पर्याय नव्हताच. परवान्याशिवाय दारू विकणं केंटकीतही गुन्हाच आहे, घरची उघडलेली बाटली तर सोडूनच द्या.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. उमेदीची वर्षं त्यांनी पिंपांच्या गोदामात काढलेली. त्यांनी बाटल्या एकेक करून उजेडाकडे धरल्या आणि आतल्या पातळीनुसार रांग लावली: तळाला आलेल्या पुढे, भरलेल्या मागे. यात शास्त्र आहे. बर्बनचं वय पिंपात वाढतं. उन्हाळ्यात ती लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते, आणि दरवर्षी चार-पाच टक्के हवेत उडून जाते. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. बाटलीत भरली की हे सगळं थांबतं. बारा वर्षांची बर्बन घरात वीस वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच. ‘जुनी होऊ दे, अजून चांगली लागेल’ हे आपल्याकडचं पालुपद बाटलीबंद व्हिस्कीला लागूच नाही. बूच उघडलं की मात्र हवेचं काम सुरू होतं. बाटली भरलेली असेल तर ते जाणवत नाही, उलट कडक बर्बन पहिल्या काही आठवड्यांत जरा निवळते. तळाला तिसरा हिस्सा उरला की वरची हवा भारी पडते. आधी सुगंध जातो, मग गोडवा, आणि मागे राहतं ओलं लाकूड.

आमच्याकडे गव्हाच्या मिश्रणाची एक बाटली होती. मक्याच्या जोडीला राय न वापरता गहू वापरला की बर्बन मऊ होते. मेकर्स मार्कने हीच वाट धरली. आमची बाटली त्याहून बरीच महाग, आणि तेवढ्यासाठीच राखलेली. दोन बोटं उरली होती. ग्लासात ओतली, नाकाशी नेली, काही नाही. कोणाला लाजेखातर ‘वा’ म्हणता येईल एवढीही उरली नव्हती. तिच्याशेजारी बॉटल्ड-इन-बाँडची स्वस्त बाटली तितकीच तळाला आलेली. 1897 च्या कायद्याने बॉटल्ड-इन-बाँडला शिस्त घातली आहे: एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान चार वर्षं मुरलेला, आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोल. ही अजून ताठ उभी होती. किमतीचा आणि टिकण्याचा काही संबंध नाही, एवढं त्या संध्याकाळी पटलं.

शनिवारी मराठी मंडळी जमू लागली. चकण्याला शेंगदाणे, पोह्यांचा चिवडा, कधी कोणी केलेले कोळंबीचे तळलेले तुकडे. बर्बन पाण्याविना प्यावी असं सांगणारे ज्ञानी दोघे होते, कोक मागणारे चौघे. मी कोक आणून ठेवला. दुर्मिळ बाटलीत कोक ओतताना ज्ञानी मंडळींचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे, पण बाटली संपवायचीच असेल तर पिणाऱ्याच्या हातावर पहारा कशाला? ब्लँटन्स मात्र सगळ्यांनी नुसतीच घेतली, आणि ती चवीसाठी नव्हे. 1984 साली बाजारात आलेल्या या बर्बनच्या बुचावर घोडा आणि जॉकी असतो. आठ बुचं, आठ पवित्रे, प्रत्येकावर नावातलं एक अक्षर. शेवटच्या अक्षरावरचा जॉकी जिंकल्यासारखा हात उंचावतो. बाटली संपली की बूच कोणी न्यायचं, यावरून मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं भांडली. आमचा संच कधी पुरा झाला नाही. त्यातली बुचं मित्रांच्या मुलींनी नेली.

उरल्यासुरल्या थेंबांसाठी तिथल्या शौकिनांची एक युक्ती आहे. प्रत्येक बाटलीचा शेवटचा घोट एका वेगळ्या बाटलीत ओतत जायचा. आम्हीही हा गोपाळकाला केला. शपथेवर सांगतो, फारसा बरा लागला नाही. रायचा तिखटपणा सगळ्यांवर चढला आणि गव्हाची मऊ बर्बन त्यात कुठे गेली ते कळलंच नाही. त्यापेक्षा बायकोची तोड सरस निघाली. ओल्ड फॅशन्ड कॉकटेलमध्ये साखरेऐवजी तिने गुळाचा पाक घातला, वर बिटर्सचे दोन थेंब आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा. सुगंध हरवलेल्या बर्बनलाही त्याने आधार दिला. दोन बाटल्या अशाच गेल्या. आणखी एकीत व्हॅनिलाच्या शेंगा चिरून टाकल्या. तिचा अर्क शेजारणीकडे राहिला, केकसाठी.

सर्वांत कडक बाटली शेवटपर्यंत टिकली: बुकर्स, साठ टक्क्यांच्या वर, पाणी घालून सौम्य न केलेली. ती उघडून दोन वर्षं झाली होती, तरी चमचाभर पाणी घातलं की भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास खोलीभर. मूव्हर्सनी खोकी न्यायच्या आदल्या रात्री ती संपली. शेजारचे गृहस्थ बर्फाच्या एका खड्यावर प्यायले, आम्ही दोघं पाण्यावर.

पुण्यात आल्यावर नातेवाइकांच्या शोकेसमध्ये आमच्याच हातून गेलेल्या बाटल्या दिसतात, प्लास्टिकचं सीलसुद्धा न काढलेल्या. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाटली उन्हातून हलवा, आडवी असेल तर उभी करा, कारण कडक अल्कोहोल बूच पोखरतं. पुढच्या वेळी चार आवडती माणसं घरी आली की उघडा, आणि अर्ध्यावर आली की महिनोन् महिने राखत बसू नका. बूच मोडून आत पडलं तर चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. चवीला काही होत नाही.