चालू राहिलेला रेकॉर्डर



"तुमच्या वर्गात कोणकोणती डिजिटल साधनं वापरता?" असं प्रशिक्षणात विचारलं की आपण पटापट यादी सांगतो. प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, दीक्षा अ‍ॅप, गुगल फॉर्म. मीही अशीच सांगायचे. आज मात्र त्या यादीत कधीच न आलेल्या एका साधनाबद्दल लिहिते आहे. ते आत्ता तुमच्या खिशात किंवा पर्समध्ये असेल. त्याने मला माझ्याचबद्दल काही ऐकवलं आणि ते ऐकून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नोकरीला २२ वर्षं झाली. संगणकाची आणि माझी ओळख एमएस-सीआयटीमुळे झाली. २००१ साली सुरू झालेला हा कोर्स आपल्यापैकी कितीतरी जणांनी वेतनवाढ अडकू नये म्हणून केला, खोटं कशाला बोलू! मीही त्यातलीच. परीक्षा पास झाले, प्रमाणपत्र फायलीला लावलं आणि माऊसला पुन्हा हात लावायला सात-आठ वर्षं गेली.

पुढे २०१७ मध्ये दीक्षा आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून यायला लागले. आमच्या गावाने लोकसहभागातून शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिला. तो पहिल्यांदा लावला त्या दिवशी माझे हात थरथरत होते. वायर कुठली कुठे लावायची कळेना. शेवटी पाचवीतल्या एका पोराने, "बाई, ही हितं बसंल बघा," म्हणत वायर बसवली. खिडक्यांना चादरी बांधल्या, वीज जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेतलं आणि भिंतीवर चित्र उमटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आणि फुलांचा पाऊस पडला. मला वाटलं, जमलं आता आपल्याला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा व्हिडिओ पाठवणं, लिंक पाठवणं हेही शिकले. थोडक्यात, मी स्वतःला 'तंत्रस्नेही' समजायला लागले होते.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. वर्ग पाचवी, पट २३. गणितात अपूर्णांक चालू होते. मी सुंदर व्हिडिओ दाखवला. रंगीत वर्तुळं, त्यांचे तुकडे, मागे संगीत. मुलं डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. वर्ग इतका शांत की मीच खूश! दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहायला सांगितलं : एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? २३ पैकी १६ मुलांनी एक तृतीयांश मोठा म्हणून लिहिलं. कारण काय, तर दोनपेक्षा तीन मोठे!

मी मनातल्या मनात मुलांना दोष दिला. एवढं चांगलं दाखवलं तरी कळत नाही म्हणजे काय?

मग पुन्हा तोच घटक घेतला. त्या दिवशी सकाळी एका मुलाचं वाचन त्याच्या वडिलांना पाठवायचं म्हणून मी फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर टिपून घेतलं होतं. मुलं बसकरपट्ट्यांवर बसतात. फोन भिंतीकडेला एका दप्तराला टेकवून ठेवला होता. वाचन झालं, मी शाबास म्हणाले, गणिताला लागले आणि रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला.

रात्री भाकरी थापताना फोन उघडला तर ३८ मिनिटांची फाइल. पुसून टाकणार होते. पण म्हटलं, ऐकू या तरी आपण कसं शिकवतो ते.

तुम्ही कधी स्वतःचा तास ऐकलाय? मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बोलत होते, बोलत होते, बोलतच होते. "एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश? सांगा पटकन. कोण सांगणार? अरे, काल व्हिडिओत काय बघितलं?" आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तर मीच देत होते. कुणाला विचारलंच तर पहिल्या ओळीतल्या त्याच तिघांना.

आणि माझ्या त्या आवाजाखाली, फोनच्या अगदी जवळ, एक बारीक आवाज होता.

"आर्धी मोठी. तिघांत वाटली की बारकी येती."

मी तवा खाली उतरवला. पुन्हा लावून ऐकलं. तोच आवाज थोड्या वेळाने परत, "आर्धीच मोठी हाय." तिसऱ्यांदा तिच्या शेजारची मुलगी म्हणते, "बाईला सांग की." त्यावर ती म्हणते,

"नगं. बाई बोलायल्यात."

ही मुलगी कोण ते मला लगेच कळलं. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, आपण तिला सावी म्हणू. भिंतीकडेला बसणारी, कधी हात वर न करणारी. माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे मीच लिहिलेलं होतं : 'वाचन – शब्दस्तर. गणित – मदतीची गरज. वर्गात लक्ष नसते.' लक्ष नसते! माझ्या एकाच प्रश्नाचं बरोबर उत्तर तीन वेळा देणाऱ्या मुलीचं लक्ष नव्हतं, की माझं?

रविवारी वही घेऊन बसले आणि ती फाइल थांबवत थांबवत मोजली. ३८ मिनिटांत मी ३१ प्रश्न विचारले होते. त्यातल्या २४ प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. उरलेली सात त्या तीन मुलांची. बाकीची २० मुलं त्या तासात होती एवढंच.

नंतर या विषयावर शोधून वाचलं तेव्हा मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंचं काम सापडलं. १९७० च्या दशकात त्यांनी वर्गातल्या तासांची अशीच ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. साधारण एक सेकंद! हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात, असं त्यांना दिसलं. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. ज्या मुलांना आपण हुशार समजतो त्यांच्या उत्तरासाठी आपण जास्त थांबतो, आणि ज्यांना वेळ जास्त लागतो त्यांच्यासाठी कमी. हे वाचताना मला माझी नोंदवही आठवली.

सोमवारी वर्गात गेले. प्रोजेक्टर लावला नाही. फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त म्हणाले, "आपल्यातलं कुणीतरी म्हणालं होतं, तिघांत वाटली की बारकी येती. कशाबद्दल असेल हे?" आणि गप्प बसले. हात पाठीमागे घेऊन बोटांवर मोजत होते. एक, दोन, तीन. खरं सांगते, पाच मोजेपर्यंत गप्प राहणं मला व्हिडिओ जोडण्यापेक्षा अवघड गेलं. सातव्या बोटाला शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, ते हीच म्हणली हुती." सावी घाबरत उठली.

"भाकरी," ती म्हणाली. मी थांबले. "दोघांत वाटली तर आर्धी. चौघांत वाटली तर चतकोर. तिघांत वाटली की आर्धीपेक्षा बारकी अन् चतकोरापेक्षा मोठी."

मी तिच्या वाक्याखाली फळ्यावर क्रमाने १/२, १/३, १/४ एवढंच लिहिलं. घरात एक भाकरी तीन भावंडांत वाटून खाल्लेल्या मुलीला अपूर्णांक शिकवायचा नव्हता, तो कसा लिहायचा तेवढं दाखवायचं होतं. त्या दिवशी पाटीवर २३ पैकी २० मुलांचं उत्तर बरोबर आलं.

यानंतर रेकॉर्डर हे माझं रोजचं नाही, पण नेमाचं साधन झालं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन टिपायला लागले. वर्गात ऐकताना 'अडखळते' एवढंच कळायचं. रेकॉर्डिंग दोनदा ऐकल्यावर सावी नेमकी कुठे अडते ते कळलं. बाकी जोडाक्षरं ती जुळवून वाचायची. रफार आला की थांबायची. 'सूर्य', 'पर्वत', 'वर्ग' इथे गाडी बंद! मग पंधरा दिवस आम्ही फक्त रफाराचे शब्द खेळलो. सप्टेंबरात ती मिनिटाला २१ शब्द वाचायची, डिसेंबरात ४३ वाचायला लागली.

दिवाळीनंतर आमच्या भागात काय होतं ते बीडच्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोची जोडी कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जाते, ती हंगाम संपेपर्यंत. लहान मुलं सोबत जातात किंवा आजीजवळ राहतात. सावी आजीजवळ राहिली होती. मी तिचं डिसेंबरातलं वाचन तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवलं. आई-वडील दोघांनाही फारसं वाचता येत नाही. प्रगतिपुस्तक पाठवलं असतं तर ते कोपीत पडून राहिलं असतं. आवाज मात्र कुणालाही ऐकता येतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा आवाज आला. मागे बैलांच्या घंटा. "बाई, पोरीला ऐकवा. सावे, आयकलं गं समदं. काल पावणेदोन टन भरला व्हता, आज दोन टन भरला. किती जास्ती झाला, सांग बरं." सावीला विचारून मी ते वर्गात लावलं. कुणीही पटकन बोललं नाही. आता मुलांनाही थांबायची सवय लागली होती. सावीने बोटाने हवेत काहीतरी मांडलं आणि म्हणाली, "पाव टन." मग आम्ही ते उत्तर तिच्याच आवाजात आईला पाठवलं.

ही गोष्ट इथे संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण जानेवारीत आजी आजारी पडली आणि सावीला आई-वडिलांकडे जावं लागलं. मी तिला पाठ वाचून पाठवायचे, ती तिकडून वाचून पाठवायची. रेंज मिळेल तेव्हा, वडिलांच्या हातात फोन असेल तेव्हा. दोन महिन्यांत तिची पाच रेकॉर्डिंग आली. मार्चमध्ये ती परतली तेव्हा रफार विसरली नव्हती. भागाकार मात्र विसरली होती. फोनने शाळेची जागा घेतली नाही, धागा तुटू दिला नाही इतकंच.

तुम्हाला करून बघायचं असेल तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी :

१. फोन आपल्या टेबलावर ठेवू नका, तिथे आपलाच आवाज येतो. मागच्या किंवा कडेच्या मुलांजवळ ठेवा. विमान मोड लावा, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. इंटरनेट लागत नाही.

२. मुलांना आधी सांगा की आज मी माझा तास टिपून घेणार आहे. चोरून करू नका.

३. ऐकताना वहीत तीन रकाने आखा : मी प्रश्न किती विचारले, उत्तर कुणी दिलं, मी किती थांबले. पहिल्यांदा दहाच मिनिटं ऐका, तेवढंही पुरेसं बोलकं असतं.

४. मुलाचा आवाज फक्त त्याच्या पालकांना पाठवा. कोणत्याही ग्रुपवर नाही, कौतुकासाठीसुद्धा नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाची ती खासगी गोष्ट आहे. तासाची फाइल मोजून झाली की पुसून टाका.

पालकहो, तुम्हीही आठवड्यातून एकदा मुलाचं एक मिनिटाचं वाचन टिपून ठेवा. त्याच वेळी चुका काढू नका. महिन्याने जुनं आणि नवं त्यालाच ऐकवा. फरक त्याचा त्याला कळतो.

प्रोजेक्टर मी आजही वापरते. ज्वालामुखी किंवा समुद्राचा तळ आमच्या गावात बसून दुसरं काय दाखवणार? पण आता व्हिडिओ मध्येच थांबवते आणि गप्प बसते.

परवा पुन्हा एक तास टिपला. २८ प्रश्न, त्यातल्या ९ ची उत्तरं मीच दिलेली. नऊ म्हणजे अजूनही जास्तच. तुमच्या वर्गात किती निघतात, एकदा मोजून बघा.