मोत्याचा उपास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतला मामांकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालला होता. मोत्याने अन्न सोडले होते. आजीला जाऊन तेव्हा महिना झाला होता.

मामांचे घर उधन्याला. खानदेशातून कापडाच्या कामाला आलेल्या आपल्या लोकांची तिकडे दाट वस्ती आहे. शेजारपाजारचे लोक मोत्याला पाहायला येत. "मुक्या जनावराला कळतं हो!" असे म्हणत डोळे पुसत. मामाही प्रत्येकाला हकिकत सांगत, आणि बोलता बोलता गोष्ट युधिष्ठिराच्या कुत्र्यापर्यंत जाई. खोटे कशाला सांगू, मलाही ती पटली होती. मासिकाला विषय मिळाला, असेसुद्धा मनात येऊन गेले.

मोत्याचे वय 13, म्हणजे आजोबाच. बरगड्या दिसू लागल्या होत्या. मामी ताटलीत भाकरीचे तुकडे टाकी. तो उठून येई, हुंगे, एखादा तुकडा उचली आणि तसाच खाली टाकून आजीच्या खाटेखाली जाऊन पडे.

एका सकाळी मामांनी नाश्त्याला लोचो आणला. बेळगावला जसा कुंदा, तसा सुरतला लोचो! हरभऱ्याच्या डाळीचा हा वाफवलेला पदार्थ इतका मऊ, की ढोकळा म्हणावा तर आकार धरत नाही. माझ्या हातून पुडा कलंडला आणि मोत्याने तो, वर पेरलेल्या कांद्यासकट, चाटूनपुसून साफ केला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मामा, याला डॉक्टरांकडे नेऊ या."

"दुःखाला औषध असतं का रे?" मामा म्हणाले. पण रिक्षा त्यांनीच आणली.

डॉक्टरांनी मोत्याचा ओठ वर केला. मागची दाढ फुटलेली, हिरडी सुजून पू धरलेला. म्हणाले, "भूक आहे हो याला, चावता येत नाही. हे दुखणं महिन्याभराचं नव्हे, बरंच जुनं आहे." मूत्रपिंडे बिघडली तरी म्हातारी कुत्री अन्न सोडतात, म्हणून आधी रक्त तपासले. मग भूल देऊन दाढ काढली. नंतर पथ्य सांगितले. उतारवयात नाक मंदावते, म्हणून अन्न कोमट द्यावे, म्हणजे वास सुटतो. थोडे थोडे, दिवसातून तीनदा. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लोचोचे ऐकून ते माझ्यावर चांगलेच रागावले. मामीने मात्र त्यांना तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट ऐकवली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "नामदेवांचा कुत्रा देव होता. याला तूप पचायचं नाही."

"पण दुखणं जुनं, तर आई होती तोवर कसा जेवत होता?" मामांनी परतताना विचारले. त्यांचा चेहरा उतरला होता.

रिक्षात कुणीच बोलेना. उधन्याचा पूल आला तेव्हा मामी एकदम म्हणाली, "सासूबाई कुस्करून द्यायच्या."

आजीला स्वतःला दात नव्हते. वरणात भाकरी कुस्करून ती जेवायला बसे आणि त्याच ताटातले चार घास मोत्यापुढे ठेवी. ती गेल्यावर भाकरीचे तुकडे सुरू झाले. खरे तर दोघांचे जेवण एकच होते, आणि ते आम्हा कुणाच्या लक्षात आले नव्हते.

संध्याकाळी मामा ताटली घेऊन जमिनीवर बसले. भाकरी बराच वेळ कुस्करीत होते. मग ताटली माझ्यापुढे धरून म्हणाले, "बोट लावून बघ रे, कोमट आहे ना?"