तिथीचा तास

दहावीच्या भूगोलातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. त्यातली मुलं नळदुर्गहून निघतात, घाट उतरतात आणि अलिबागला समुद्र गाठतात. पाठ चांगला आहे, पण डहाणू तालुक्यातल्या वरोरच्या मुलांपुढे तो शिकवताना मला ओशाळल्यासारखं होतं. इथे घराच्या परसातून बोटी दिसतात. म्हणून ठरवलं, आपली क्षेत्रभेट आपल्याच खाडीत. वेळापत्रकातला सोयीचा दिवस पाहिला, तिसऱ्या तासानंतर वर्ग बाहेर काढला, साडेअकराला काठावर पोचलो, आणि जे दाखवायचं होतं ते सगळं पाण्याखाली होतं.

चिखल नाही, तिवरांची मुळं नाहीत, निवट्या मासे नाहीत. काठोकाठ मातकट पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेली तिवरं. जवळच बोंबील वाळत घालणारी एक आजी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "गुरुजी, आज पुनव ना?" मागे पोरं फिसकन हसली. त्यांना शाळेतून निघतानाच ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही, असं दरडावून विचारलं तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही विचारलंच नाही."

हिशेब साधा आहे आणि तो मी त्या दिवशी काठावर बसून शिकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा नव्याने. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, त्याचा हा पाऊण तास. पाच मिनिटांचा फरक होडी काढणाऱ्याला चालतो. पुनव-अमावस्येच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाला आमच्याकडे ते चार-पाच मीटर वर-खाली होतं. उत्तरेला खंबायतचं आखात निमुळतं होत जातं, तिथे हाच आकडा दहाच्या पुढे जातो. भरती-ओहोटी मी कित्येक वर्षं फळ्यावर सूर्य-चंद्र-पृथ्वी काढून शिकवत आलो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असते हे काही सुचलं नाही.

दुसऱ्यांदा तृतीयेला गेलो, सकाळी सातला. या वेळी खाडी उघडी पडलेली होती. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी उभी. तिवराचं पान मी तोडून एकाला दिलं, "चाट." त्याने संशयाने माझ्याकडे पाहिलं, जीभ टेकवली आणि तोंड वाकडं केलं. खारट! मग वर्गातल्या सगळ्यांनीच पानं चाटली. मुळातून आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. खालची बाजू राखाडी-रुपेरी, वर उन्हात बारीक चमचम दिसते ती मिठाची. निवटी दाखवायला मात्र मला बोट उचलावं लागलं नाही. ती पंखांवर रेलत चिखलातून सरकते, ओल्या कातडीतून आणि तोंडातून श्वास घेते, आणि माणसाची सावली पडली की टुणकन बिळात. "सर, हिचं कालवण मस्त होतं," ही माहिती पुस्तकात नाही. मी वहीत लिहून घ्यायला सांगितली.

पुळणीवर एकजण बराच वेळ उकिडवा बसून होता. त्याच्या घरी दागिन्यांच्या डाय कोरतात, या पट्ट्यातला तो जुना धंदा. बारक्या खेकड्याने बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची जी किरणं पसरलेली असतात ती त्याने वहीत जशीच्या तशी उतरवली. त्याला भूगोलात पस्तीसच्या वर मी कधी दिलेले नाहीत.

नकाशा काढताना खरी पंचाईत झाली. किनाऱ्याची रेघ कुठे मारायची? मुलांनी दोन मारल्या, एक भरतीची, एक ओहोटीची, आणि मधल्या पट्टीत कालवं, चिंबोऱ्या, खडक असं भरून टाकलं. छापील नकाशात एकच निळी रेघ असते. मुलांचा नकाशा मला जास्त बरोबर वाटतो.

इथून फार लांब नसलेल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडला गेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. गुरं चरायच्या वेळेप्रमाणे तास. आम्ही त्याच तालुक्यात अजून घंटेप्रमाणे भरती शिकवतो.

परतताना सुरूच्या बनात डबे उघडले. सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, वाळू आणि वारा अडवायला इथे लावलेला. इथल्याच किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराचा पहिला प्रस्तावही १९९०च्या दशकात पी अँड ओ या कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेकडूनच आला होता. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये त्या बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, अर्थात धर्माधिकारी हयात नसताना, २०२३ मध्ये नव्या आराखड्याला होकार दिला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्र भरून काढायचा आहे. बंदराला जोडणारा रस्ता वरोरहून तवा गावापर्यंत, सुमारे ३२ किलोमीटर.

डबा खाता खाता एकाने विचारलं, "मग तिसरी रेघ कुठे मारायची, सर?" मी म्हटलं, पेन्सिलनेच मार, शाई नको.

येत्या तृतीयेला पुन्हा जायचं आहे. ओहोटी सव्वाआठची. मुलांच्या वहीत सूचना दिली आहे: पावणेसातला फाटकाशी, चपला घरी.