घाटाखालच्या बोलीत आपलं काय?

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की केरीला सत्तरी तालुका लागतो, मग साखळी, मग डिचोली. या दोन-अडीच तासांत कानावर पडणारी भाषा किती वेळा बदलते ते मोजायची मला सवय लागली आहे. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीत मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात सुखाने नांदतात. खाली उतरलं की कोकणी सुरू होते. साखळीच्या बाजारात भाजीवाली गिऱ्हाइकाशी कोकणीत घासाघीस करते आणि पैसे मात्र पुटपुटत कन्नडमध्ये मोजते. माणूस कुठल्याही भाषेत व्यापार करो, हिशेब आईच्या भाषेत करतो.

आपल्याकडची मंडळी गोव्याला जातात म्हणजे कळंगुट-बागाला जातात. भाषेचा नाद असलेल्याने मात्र डिचोली आणि पेडण्यात चार दिवस काढावेत. हे तालुके ‘नव्या काबिजादी’तले. तिसवाडी, बार्देश, साष्टी हा मुलूख सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेला होता. डिचोली-सत्तरी त्यांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि पेडणे तर सावंतवाडीकरांकडून १७८८ साली. म्हणजे बार्देशावर सव्वाचारशे वर्षं राज्य आणि पेडण्यावर पावणेदोनशे. तोवर बाटवाबाटवीचा जोरही ओसरला होता. १६८४ साली विजरईने कोकणी बोलण्यावर बंदी घालणारं फर्मान काढलं, तेव्हा हा भाग त्यांच्या ताब्यातच नव्हता.

तरीही शब्द आलेच. खिडकीला ‘जनेल’, खुर्चीला ‘कदेल’, चमच्याला ‘कुलेर’, पाववाल्याला ‘पोदेर’. आपण हसायचं कारण नाही. पगार, चावी, लिलाव, तुरुंग, घमेलं, बिजागरी, पिंप हे सगळे पोर्तुगीजच, आणि गोवा कधी न पाहिलेली माणसंही ते रोज वापरतात. वस्तू आली की तिच्या पाठीवर बसून नावही येतं. हा भाषासंपर्काचा सगळ्यात सोपा धडा. खरी गंमत याच्या पुढे आहे.

डिचोली तालुक्यात नार्वे गाव आहे. तिथलं श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत, मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नार्व्याला आलं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली आज दिसणाऱ्या देवळाचं काम सुरू करवलं, तशी शके १५९० ची नोंद दारावरच्या देवनागरी शिलालेखात आहे. मराठी माणूस इथे येतो तो महाराजांच्या नावाने, आणि यावंच. पण कदंबांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत, आणि त्यांची दुसरी राजधानी होती आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी. म्हणजे घाटावरून घाटाखाली कन्नड उतरली ती कालपरवा मजुरीसाठी आलेल्या लोकांबरोबर नव्हे. हजार वर्षांपूर्वी राजदरबारातून उतरली. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी गोव्यातल्या भाषेला नावच दिलं ‘कानारी’. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० साली राशोलला छापलं गेलं, ते याच नावाने. आणि याच स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) मराठीत! एकाच माणसाच्या दोन पुस्तकांत तीन भाषांची अशी गाठ पडावी, हे गोव्यातच शक्य.

आता घरातल्या बोलण्याकडे या. “तो येता म्हण सांगलें,” असं कोकणी माणूस म्हणतो. आपण म्हणतो, “तो येतो म्हणून सांगितलं.” कन्नडमध्ये, “अवनु बर्तानंत हेळिद.” म्हण, म्हणून, अंत. तिन्ही ठिकाणी आधी दुसऱ्याचं बोलणं, मग ते बांधून ठेवणारा शब्द, मग ‘सांगितलं’. हिंदीवाला उलट करतो, ‘उसने कहा कि’ आधी आणि निरोप नंतर. शब्द तिघांचे वेगळे, पण वाक्याची चाल एक. संस्कृतातही ‘इति’ होतंच, त्यामुळे कुणी कुणाला काय दिलं यावर भाषातज्ज्ञांचा वाद आहे. पण आपल्या बाजूला ही सवय टिकून राहिली आणि घट्ट झाली, त्यात शेजाराचा वाटा आहे असं मला तरी वाटतं.

याचा नामांकित अभ्यास परदेशात नव्हे, आपल्या शेजारी सांगली जिल्ह्यात झाला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कुपवाड गावच्या कन्नड, मराठी आणि उर्दूवर १९७१ साली निबंध प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. पुस्तकी कन्नडमध्ये ‘इदु नम्म मने’ एवढ्यावर भागतं. कुपवाडच्या कन्नडमध्ये मात्र शेवटी ‘ऐती’ लागतं, मराठीतल्या ‘आहे’सारखं. बेळगावकरांना यात नवल वाटणार नाही. पण शब्द एक झाले नाहीत, कारण घरची भाषा ही जातीची आणि घराची ओळख होती. पुढच्या दाराने शब्द अडवले, आणि मागच्या दाराने व्याकरण आत येऊन बसलं.

नव्या काबिजादीत मला याची दुसरी बाजू दिसते. राज्यकर्त्याच्या भाषेने वस्तूंची नावं दिली, वाक्याची चाल मात्र शेजाऱ्यांबरोबरच राहिली.

पेडण्यात तर शेजार कुठला आणि घर कुठलं हेच सांगता येत नाही. सोयरिकी सावंतवाडी-बांद्याकडे, दशावतार दोन्हीकडे तोच. मालवणीतलं ‘माका’ आणि गोव्यातलं ‘म्हाका’ यांत अंतर किती, एका ‘ह’चं. तेरेखोल नदी ही गोव्याची हद्द असं आपण म्हणतो; पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या पलीकडे आहे आणि तरी गोव्यातच आहे. बोलीची हद्दही अशीच नदी ओलांडून गेलेली.

या दोन तालुक्यांतली माणसंही बघा. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे असं आयुष्यभर ठासून सांगणारे शणै गोंयबाब १८७७ साली जन्मले ते डिचोलीत. आणि पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला नाव आहे सोहिरोबानाथ आंबिये यांचं, म्हणजे मराठीत पदं रचणाऱ्या अठराव्या शतकातल्या संतकवीचं. बोलणं कोकणी, भजन-कीर्तन मराठी, हे इथल्या घरांत कुणाला विसंगत वाटत नाही. कायद्याला मात्र निवडावं लागतं. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. जनगणनेचा रकाना तर एकच. २०११ साली गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी जवळजवळ ११, कन्नड साडेचारच्या वर. सकाळी कोकणीत बोलून संध्याकाळी मराठीत आरती म्हणणाऱ्या बाईने यातला कुठला रकाना भरावा?

मला काळजी रकान्याची नाही, त्या मधल्या बोलीची आहे. पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर, हॉटेलांत, टॅक्सीतळावर हिंदी आणि इंग्रजी लागते, आणि पोटाची भाषा शिकणाऱ्या पोराला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण शाळेत एक गुरुजी ‘हे शुद्ध कोकणी नव्हे’ म्हणतात, दुसरे ‘हे शुद्ध मराठी नव्हे’ म्हणतात, आणि मुलगा दोन्हीकडून तोंड मिटून घेतो. आपल्या सीमाभागातल्या घरांत हे घडत नाही का? ‘काय करायलायस’ म्हणणाऱ्या नातवाला पुण्याची मावशी हसते, आणि तोच धारवाडला गेला की त्याच्या कन्नडला हसतात. त्या ‘करायलायस’मागे ‘करायला लागलायस’ आहे आणि त्याच्या शेजारी धारवाडी ‘माडाकत्ती’ तशीच बांधणी घेऊन उभी आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

मी माझ्या वर्गाला दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. आजीजवळ बसायचं, तिच्या स्वयंपाकघरातले शंभर शब्द लिहून आणायचे आणि कुठला कुठून आला ते मागाहून शोधायचं. तूप आणि अडकित्ता कन्नडकडून, बटाटा आणि परात पोर्तुगीजांकडून, हे पहिल्याच दिवशी निघतं. मागे एका मुलीने वहीत आणखी एक रकाना आखून आणला होता, ‘हा शब्द आजी कुणाशी बोलताना वापरते’. तिची आजी मूळची पेडण्याची. सुनेशी मराठी, शेजारणीशी कन्नड, आणि कोकणीच्या समोर लिहिलं होतं: मांजराशी, आणि फोनवर भावाशी.