हा विजय कोणाचा?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रेअरी व्ह्यू नावाचे विद्यापीठ आहे. त्या देशातील फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातांत घेऊन धावण्याचा दांडगा खेळ. १९५३ ते १९६४ या काळात या विद्यापीठाच्या संघाने कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळविले. पुढे मात्र दिवस पालटले.

१९८९ मध्ये पराभवांची मालिका सुरू झाली. १९९० साली तर संघ मैदानात उतरलाच नाही. तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा खेळाडूंना शिष्यवृत्तीचा आधार उरला नव्हता. एकामागून एक ८० सामने ते हरले! कित्येक खेळाडू शिक्षण पुरे करून निघून गेले. एकही विजय त्यांच्या वाट्याला आला नाही. तरीही त्यांच्या जागी नवे खेळाडू येत राहिले.

अखेर २६ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांनी लँगस्टन विद्यापीठाच्या संघाला १४ विरुद्ध १२ गुणांनी हरविले. हा विजय कोणाचा? त्या दिवशी खेळलेल्यांचा तर खराच. परंतु विजयावाचून परतलेल्यांचाही तो तितकाच नव्हे काय? त्यांनी मैदान सोडले असते, तर त्या दिवशी जिंकावयास संघच उरला नसता.