काठ नसलेलं पाणी

जयनगर, बेंगळुरू
जूनचा पहिला आठवडा

चि. चिऊ,


फोनवर तू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होतीस: आत्या, दम कसा वाढवू? त्याचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहायला बसले.

दम तुझ्याकडे भरपूर आहे. सोसायटीच्या तलावात तू तासभर न थांबता पोहतेस. तारकर्लीला मात्र पाय टेकेनासे झाल्यावर दहा-बारा हातांतच तुझी छाती आवळली आणि तू परत फिरलीस. तासाभरात न संपणारा दम दहा हातांत कसा संपेल? चिऊ, तुला खोल पाण्यात, काठ हाताशी नसताना, थांबायची सवय नाही. गोव्याच्या ट्रायथलॉन शर्यतीपूर्वी हेच आधी शिकायचं. वेगाचं नंतर पाहू.

शर्यतीत मिरामारच्या किनाऱ्यावर तुला १९०० मीटर पोहायचं आहे, म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ लांब्या. प्रत्येक लांबीच्या शेवटी भिंत येते. तिथे तू पाय रेटतेस, तीन-चार मीटर नुसती सरकत जातेस, हातांना विसावा मिळतो. असं ७५ वेळा होतं. हिशेब कर, दोनशेहून जास्त मीटर तू हात मारलेलेच नसतात. तलावाच्या तळाची काळी रेघही समुद्रात नाही. मिरामारजवळच मांडवी नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी गढूळ. स्वतःचा हातसुद्धा धूसर दिसेल.

आता छाती आवळते तेव्हा काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, सोडायचं विसरतो. आधीच भरलेल्या छातीत नवी हवा मावत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्यासारखं वाटतं ते त्यानेच. ऑक्सिजन संपलेला नसतोच. म्हणून तोंड पाण्यात असताना बुडबुडे काढत श्वास पुरता सोडायचा. घेण्याकडे लक्ष देऊ नकोस, तो आपोआप येतो. तरीही जमेना तर उताणी हो, कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, आणि पाच-सहा सावकाश श्वास. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्याच्यावर विश्वास ठेव. शर्यतीत कयाकला किंवा बोयाला धरून विसावा घेतलेला चालतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. तो नियम वापरायला लाजू नकोस. पोहण्यासाठी साधारण ७० मिनिटं मिळतात, त्यात चार वेळा उताणं होण्याइतका वेळ तुझ्याकडे नक्की आहे.

हे सगळं तलावात घटवता येतं. खोल बाजूला, मधोमध मुद्दाम थांब. उताणी हो, उभी पोह, पुन्हा सुरू कर. भिंतीला हात न लावता अलीकडूनच वळ. मोकळी लेन असेल तेव्हा सहा हात डोळे मिटून मार आणि मग बघ कुठे आलीस. बहुतेकजण एका बाजूला सरकतात, तू कुठे सरकतेस ते आताच कळू दे. समोर बघण्यासाठी अख्खं डोकं वर काढू नकोस, पाय खाली जातात. मगर जशी नुसते डोळे पाण्यावर ठेवते तेवढंच वर यायचं, दर आठ-दहा हातांनी, आणि लगेच बाजूला वळून श्वास. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण लाट कुठल्या अंगाने येईल ते आपल्या हाती नाही. आणि तिघी-चौघी एकाच लेनमध्ये दाटीने पोहा. पायाला हात लागला, गॉगल सरकला, पाणी नाकात गेलं, तरी हात चालू राहिले पाहिजेत.

पोहण्याच्या तलावांच्या बाबतीत हे शहर श्रीमंत आहे. बसवनगुडीला ५० मीटरचा तलाव आहे. आपल्या कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे सराव करायला याच शहरात आला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. वेग इथे मिळतो. उघडं पाणी मात्र मिळत नाही, आणि याचं मला खरंच दुःख होतं. कधीकाळी तलावांचं म्हणून ओळखलं जाणारं हे गाव! धर्मांबुधी तलावावर मॅजेस्टिकचा बसस्थानक परिसर झाला, संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा स्टेडियम उभं राहिलं. बेळ्ळंदूरच्या तलावाने तर २०१७ मध्ये पेट घेतला. पाण्याला आग लागते तिथे मुलीला उतर कसं म्हणू? उरलेल्या तलावांत पोहायला मनाई आहे, आणि त्यांच्या पाण्याची अवस्था पाहता ती योग्यच आहे. कोणी ओळखीचा शहराबाहेरच्या दगडखाणीत पोहायला बोलावेल. जाऊ नकोस. तिथे कडा सरळ खाली जातो, तळाशी काय आहे कोणाला ठाऊक नसतं, आणि वाचवायला कोणी नसतं.

समुद्र इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. शिवाय तुझी तयारी नेमकी पावसाळ्यात येते. जून ते सप्टेंबर गोव्याच्या समुद्रात उतरू देत नाहीत, आणि खवळलेल्या समुद्राशी झटून तू काही शिकणारही नाहीस. म्हणून माझं ऐक, गणपतीला कोल्हापूरला घरी जाशील तेव्हा तिथला राजाराम तलाव गाठ. लोहपुरुष ट्रायथलॉनचं पोहणं तिथेच होतं, आणि सराव करणारी माणसंही भेटतील. एकटी उतरू नकोस, कमरेला भडक रंगाचा फुगा बांध. मग गोव्याला शर्यतीच्या निदान आठवडाभर आधी पोच आणि जीवरक्षकांच्या डोळ्यांसमोर रोज थोडा वेळ समुद्रात काढ. फुटणाऱ्या लाटेला छातीने अडवायचं नाही, तिच्या खालून जायचं. वेटसूट विकत घेऊ नकोस. तिथलं पाणी कोमट असतं, त्याची गरजच पडत नाही. त्यापेक्षा मानेला आणि काखेत व्हॅसलिन लाव, मिठाने कातडी सोलवटते.

एक गोष्ट मात्र टाळायची नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी गोळा केल्या. १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. बहुतेक पुरुष, चाळिशी-पन्नाशीचे. तू तिशीची आहेस, तरी या महिन्यात हृदयाची तपासणी करून घे. आजोबांना लवकर त्रास सुरू झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांग. शर्यतीच्या सकाळी आधी पाण्यात उतरून पाच मिनिटं हातपाय हलव, कोरड्या अंगाने थेट धावत जाऊ नकोस. आणि त्या दिवशी छातीत वेगळं काही वाटलं तर हात वर कर. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

तपासणीचा कागद आला की मला फोटो पाठव. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सहाला बसवनगुडीला भेट. मीही पाण्यात असेन, आणि तू मधोमध किती वेळ स्वस्थ तरंगू शकतेस ते पाहीन.

तुझी,
आत्या